लिटरभर वाटाणे आणि शनिवारची साउना: फिनलंडचं रोजचं जगणं जवळून बघायचं असेल तर

उन्हाळ्यात हेलसिंकीच्या बंदराजवळच्या बाजारचौकात वाटाण्याच्या शेंगा लिटरवर विकतात. विक्रेती मापात शेंगा भरते, वर थोडा ढीग येऊ देते आणि कागदी पिशवीत ओतते. आपल्याकडे शेर-मापट्याने धान्य मोजायचे तसंच. लोक ती पिशवी घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभे राहतात, शेंग सोलतात, कच्चे दाणे तोंडात टाकतात आणि टरफलं परत त्याच पिशवीत. हरभऱ्याचा टहाळ सोलत वाटेने चालणारी आपली माणसं मला तिथे पहिल्यांदा आठवली.

सहल कंपनीच्या कार्यक्रमात हे नसतं. त्यात सांताचं गाव असतं, काचेचा इग्लू असतो, हस्की कुत्र्यांची गाडी असते. पैसे असतील तर तेही जरूर करा, पण तिथे भेटतात ते बहुतेक दुसरे पर्यटकच. फिनिश माणूस भेटतो तो वाचनालयात, साउनाच्या, म्हणजे तापवलेल्या लाकडी वाफेच्या खोलीच्या, फळीवर, दुपारच्या जेवणाच्या रांगेत आणि जंगलात बेरी तोडताना. या सगळ्या जागा परक्यालाही खुल्या आहेत, फक्त तिथे कसं वागायचं ते कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा खटाटोप. दहा-बारा दिवस हाताशी आहेत असं धरून लिहितो आहे.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर ऑगस्ट. तोवर शाळा सुरू झालेल्या असतात, सुट्टीवरची माणसं कामावर परतलेली असतात, जंगलात ब्लूबेरी असते आणि संध्याकाळ अजून लांब असते. जुलैत हवा छान, पण निम्मा देश सुट्टीवर. शहरातली दुपारच्या जेवणाची बरीच ठिकाणं चक्क बंद. युहान्नुस, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण, २० ते २६ जूनच्या दरम्यानच्या शनिवारी येतो. त्या दोन-तीन दिवसांत हेलसिंकी ओस पडतं, कारण सगळे गावाकडच्या तळ्याकाठी गेलेले असतात. तुमची तिथे सोय नसेल तर ते दिवस टाळा.

डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांचाही नसतो. तरी हिवाळा अगदीच बाद नाही. ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी खिडक्याखिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लागतात आणि घरोघरी टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीला कोण काय नेसून आलंय यावर चर्चा चालते. हिवाळ्यात गेलात तर कोटाला लटकवायचा छोटा परावर्तक तिथे पोचल्या पोचल्या विकत घ्या. फिन लोक त्याला हेइयास्तिन म्हणतात. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने तो लावावा असं कायदाच सांगतो, आणि आजीबाईंपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या खिशाशी तो लोंबत असतो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका.

राहायचं कुठे

हॉटेल घेऊ नका. वस्तीतला एखादा फ्लॅट आठवड्यासाठी भाड्याने घ्या. हेलसिंकीत काल्लिओ हा जुना कामगारवस्तीचा भाग मला आवडतो, नाहीतर तांपेरे शहर. तांपेरे हेलसिंकीहून ट्रेनने पावणेदोन तासांच्या आसपास, दोन सरोवरांच्या मध्ये वसलेलं, आणि तिथली माणसं थोडी जास्त बोलतात असा माझा समज आहे.

फ्लॅटमध्ये शिरताना चपला-बूट दाराशीच काढायचे. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, उलट युरोपात कुठेतरी आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं वाटतं. दुसरा सुखद धक्का संडासात बसतो: भांड्याशेजारी हातात धरायचा पाण्याचा फवारा असतो. पॅरिस-लंडनला बाटल्या भरून नेणाऱ्या मराठी प्रवाशाला यापरतं स्वागत नाही.

स्वयंपाकघरात सिंकच्या वरचं कपाट उघडून बघा. त्याला तळच नसतो, तारेच्या जाळ्या असतात. धुतलेली ताटं ओलीच आत उभी करायची, पाणी खाली सिंकमध्ये ठिबकतं, दार लावलं की पसारा दिसेनासा होतो. माइयू गेबहार्ड या बाईंनी १९४०च्या दशकात हे फिनलंडमध्ये घरोघरी पोचण्याजोगं केलं. भांडी पुसण्यात गृहिणीचा किती वेळ जातो याचा विचार त्यामागे होता. आपल्याकडे स्टीलचं मांडणं ओट्यावर जागा अडवून बसतं, त्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

इमारतीत तळघराच्या बाजूला सामायिक साउना आणि धुणीघर असतं, बाहेर वेळापत्रक. एखाद्या कुटुंबाचा ‘शुक्रवार सात ते आठ’ हा वार वर्षानुवर्षं ठरलेला असू शकतो, त्यात घुसायचं नाही. घरमालकाला आधीच विचारा, पाहुण्यांसाठी एखादा तास मोकळा असतो का. कचऱ्याचे डबे निरनिराळे: ओला, पुठ्ठा, कागद, काच, धातू, प्लास्टिक आणि उरलेला. चुकीच्या डब्यात टाकलंत तर कुणी ओरडणार नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात विनम्र शब्दांतली चिठ्ठी मात्र लागू शकते, आणि ती ओरडण्याहून वाईट.

पहिल्या दिवशी: तिकीट आणि चार शब्द

विमानतळावरून शहरात लोकल ट्रेन जाते, अर्धा तास लागतो. तिकीट विभागांवर आहे: विमानतळ ‘सी’ विभागात, म्हणून ‘ए-बी-सी’ तिकीट घ्या; नंतर शहरात फिरायला ‘ए-बी’ पुरतं. तिकीट एचएसएल या हेलसिंकीच्या वाहतूक संस्थेच्या मोबाइल ॲपवर किंवा यंत्रावर काढा, चालक देत नाही. सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्याची बोटही याच ‘ए-बी’ तिकिटात येते. १७४८मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे, पण तिथे आठशेच्या आसपास माणसं राहतातही. सकाळच्या बोटीला किराण्याच्या पिशव्या आणि बाबागाड्या घेऊन चढणाऱ्या त्या रहिवाशांबरोबर जा. दुपारच्या बोटीत फक्त कॅमेरे असतात.

शब्द चारच पुरतात. भेटताना ‘मोई’, निघताना ‘मोई मोई’, आभाराला ‘कीतोस’, धक्का लागला किंवा वाट हवी असली तर ‘आन्तेएक्सी’. ‘प्लीज’साठी वेगळा शब्द त्यांच्या भाषेत नाही, तेव्हा दुकानदार तुटक बोलला असं वाटून घेऊ नका. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, साहेब-मॅडम काही नाही. आणि बोलता बोलता समोरच्याने श्वास आत ओढत ‘यो’ म्हटलं तर घाबरू नका. त्याला दम लागलेला नसतो, तो ‘हो’ म्हणत असतो.

शांततेची सवय मात्र करावी लागते. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी असताना कुणी तुमच्याजवळ बसणार नाही. तुम्हीही बसू नका.

दुकान

किराणा के-मार्केट, एस-मार्केट, अलेपा, लिडल यांपैकी कुठेही. सुटी फळं-भाजी बऱ्याच दुकानांत आपणच वजन करायची: तराजूवर ठेवायची, पाटीवरचा क्रमांक दाबायचा, चिकटपट्टी निघते ती पिशवीला लावायची. हे विसरून काउंटरवर गेलात की मागची रांग काही बोलत नाही, फक्त थांबते.

रिकाम्या बाटल्या आणि पेयांचे डबे फेकू नका. त्यांवर अनामत असते, तिला पांत्ती म्हणतात: डब्याला १५ सेंट, प्लास्टिकच्या मध्यम बाटलीला २०, मोठीला ४०. दुकानाच्या दाराशी यंत्र असतं, एकेक बाटली आत सरकवायची, शेवटी पावती मिळते आणि ती बिलात वळती होते. वाकवलेला डबा यंत्र घेत नाही. उद्यानात डबे गोळा करणारी माणसं दिसतात. घाई असेल तर कचरापेटीच्या शेजारी उभा ठेवून जा, त्यांना हात घालावा लागत नाही. पिण्याचं पाणी मात्र नळाचंच घ्या. बाटलीचं पाणी विकत घेणारा पर्यटक ओळखू येतो.

कडक दारू आणि बहुतेक वाइन फक्त अल्को या सरकारी दुकानात मिळते. बियर वगैरे किराणा दुकानात, तीही सकाळी नऊ ते रात्री नऊ. नऊ वाजून एक मिनिटाला काउंटरवरची बाई हसतमुखाने बाटली बाजूला ठेवते.

रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागलेच तर एक-दोन सेंटची नाणी तिथे चालत नाहीत, रक्कम पाचच्या पटीत केली जाते. टीप द्यायची पद्धत नाही.

खाणं: शाकाहाऱ्यांनीही वाचावं

रात्री हॉटेलात जेवणं महाग. कामावरची माणसं दुपारी जेवतात, त्याला लोउनास म्हणतात: सोमवार ते शुक्रवार, साडेदहा-अकरापासून दोनपर्यंत, साधारण १२ ते १५ युरोत कोशिंबिरी, पाव, गरम पदार्थ आणि शेवटी कॉफी. दारावर ‘लोउनास’ अशी पाटी आणि आत कार्यालयाची ओळखपत्रं गळ्यात घातलेली माणसं दिसली की शिरा. ताट आपण घ्यायचं, आपणच उचलून ठेवायचं. शाकाहारी पदार्थाला ‘कासविस’ लिहिलेलं असतं. गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि त्यानंतर जाड गोड पॅनकेक असा पिढ्यान्‌पिढ्यांचा बेत असतो. सुपात सहसा डुकराचं मांस असतं, म्हणून ‘कासविस-हेर्नेकेइत्तो’ आहे का ते विचारा. मिळालं तर मोहरी घालून खा. आपल्या वाटाण्याच्या उसळीचा हा लांबचा, सौम्य चुलतभाऊ.

कार्यालानपीराक्का हे राय या धान्याच्या (आपली राई, म्हणजे मोहरी नव्हे) पातळ पारीचं होडीच्या आकाराचं काहीतरी असतं, आत दुधात शिजवलेला बिनसाखरेचा मऊ भात. वर उकडलेलं अंडं कुस्करलेलं लोणी लावतात. अंडं नको असेल तर नुसतं लोणी. काळा, आंबट रायचा पाव पहिल्या दिवशी आवडत नाही, चौथ्या दिवशी आवडतो. साल्मिआक्की नावाची खारट काळी गोळी मला अजून आवडलेली नाही आणि आवडेल असं वाटतही नाही.

आणि कॉफी. माणशी कॉफी पिण्यात हे लोक जगात पहिल्या काहींमध्ये आहेत. हलकी भाजलेली, यंत्रातून गाळलेली, पातळ. तिच्याबरोबर पुल्ला नावाचा गोड पाव, किंवा दालचिनीची गुंडाळी कोर्वापूस्ती, ज्याचा शब्दशः अर्थ कानाखाली लगावलेली. पहिला घास घेतला की श्रीखंडाची आठवण येते, कारण कणकेत भरडलेला वेलदोडा असतो. कुणाच्या घरी बोलावणं आलंच तर भारतातून नेलेलं वेलदोड्याचं पाकीट द्या, मिठाईच्या खोक्यापेक्षा ते नक्की वापरलं जाईल. आणि दोनला बोलावलं असेल तर दोनलाच जा.

एक अख्खी दुपार वाचनालयात

हेलसिंकीचं ओओदी वाचनालय ५ डिसेंबर २०१८ला उघडलं, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, संसदेच्या बरोबर समोर. वरच्या मजल्यावर पुस्तकं, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, त्रिमितीय छपाईची यंत्रं, गाण्याच्या सरावाच्या खोल्या. पर्यटक बहुतेक वरच्या मजल्यावर फोटो काढून निघतात. तुम्ही मधल्या मजल्यावर जा. एकजण पोराच्या पँटीची चेन बदलत असतो, शेजारी कुणीतरी पडदे शिवत असतं. काही यंत्रांसाठी आधी वेळ घ्यावी लागते, पण नुसतं बसायला कुणाची परवानगी नको. मग दुसऱ्या दिवशी एखाद्या वस्तीतलं साधं वाचनालय बघा. काल्लिओचं १९१२चं आहे. वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे सगळीकडे सारखेच असतात, याची खात्री पटते.

मे किंवा ऑगस्टमध्ये असाल तर सीवोउसपाइवा कधी आहे ते बघा. २०१२पासून हेलसिंकीत सुरू झालेला हा जुन्या वस्तूंचा दिवस: लोक अंगणात, पदपथावर चादर अंथरून घरातलं नको असलेलं विकतात. एरवी किर्पुतोरी, म्हणजे जुन्या सामानाची दुकानं, वर्षभर असतात. लोकरीचे हातमोजे तिथून घ्या.

साउना

आता खरं. फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या घरात, आणि साउना तीस लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज सांगतात. २०२० साली युनेस्कोने साउना-परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या आकड्यांनी काही कळत नाही. कळतं ते ऐंशी अंश तापलेल्या लाकडी खोलीत वरच्या फळीवर बसल्यावर.

आपल्या मनात पहिला प्रश्न कपड्यांचा असतो, तो सोडवून टाकू. पोहण्याच्या तलावांतल्या आणि जुन्या सार्वजनिक साउनांत बायका-पुरुषांची जागा वेगळी असते आणि आत उघड्यानेच बसायचं असतं. पोहण्याचा पोशाख घालून बसणं तिथे अस्वच्छ मानतात. मी पहिल्यांदा एका तलावावर चड्डी घालून आत गेलो. एक म्हातारे गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं: चड्डी, आणि तिच्यावर लाल रेघ. दोन मिनिटं लाज वाटते, मग कुणी कुणाकडे बघत नाही हे लक्षात येतं आणि ती गळून पडते. तरी नकोच असेल तर समुद्रकाठच्या ‘ल्योयल्यू’सारख्या नव्या ठिकाणी जा, तिथे स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे. नवराबायकोला बरोबर जायचं असेल तरी हेच सोयीचं.

रीत अशी. आधी स्नान, साबण लावून. बुडाखाली घ्यायला छोटा पंचा न्या. पहिल्यांदा खालच्या फळीवर बसा, उष्णता वर असते. तापलेल्या दगडांच्या शेगडीला किउआस म्हणतात. तिच्यावर डावाने पाणी टाकलं की क्षणभर चुर्र होतं, मग वाफेची लाट छताला लागून मागून तुमच्या खांद्यांवर आणि कानांच्या पाळ्यांवर उतरते. तिला ल्योयल्यू म्हणतात. टाकण्याआधी बाकीच्यांकडे एकदा बघा, मान हलली की टाका. असह्य झालं तर उठून बाहेर जा, त्यात हार-जीत नाही. बाहेर गार हवेत बसा, पाणी प्या, परत आत या. असं दोन-तीनदा. मद्य पिऊन जाऊ नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात बर्च झाडाच्या ताज्या डहाळ्यांची जुडी अंगावर आपटून घेतात, पश्चिमेकडे तिला विहता म्हणतात, पूर्वेकडे वास्ता. ओल्या पानांचा वास खोलीभर पसरतो.

जायचं कुठे? काल्लिओतली कोतिहार्यू १९२८ची, अजून लाकडावर तापते. संध्याकाळी तिच्या दाराशी पदपथावर पंचा गुंडाळलेली वाफाळती माणसं बसलेली असतात आणि रस्त्यावरून ट्राम-मोटारी आपापल्या वाटेने जात असतात. तांपेरेतली राजापोर्त्ती १९०६ची, देशातली चालू असलेली सर्वांत जुनी सार्वजनिक साउना. अंधाऱ्या फळीवर अनोळखी फिनिश माणूस आपणहून बोलायला लागतो, असं मी फक्त तिथेच पाहिलं.

जंगल

फिनलंडमध्ये जमीन कुणाचीही असो, जंगलातून चालायचा, बेरी आणि अळंबी तोडायचा, एखादी रात्र तंबू टाकायचा हक्क प्रत्येकाला आहे, परक्यालाही. मर्यादा साध्या आहेत: कुणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, झाडं तोडायची नाहीत, मालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी पेटवायची नाही. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे असतात, तिथे तंबू नेमून दिलेल्या जागीच.

हेलसिंकीजवळचं नूक्सिओ राष्ट्रीय उद्यान सोपं: एस्पोपर्यंत ट्रेन, पुढे बस. आखलेल्या शेकोटीच्या जागांवर सरपण ठेवलेलं असतं. वणव्याचा इशारा लागू असला तर उघडी आग पेटवायची नाही, ते निघण्याआधी बघा. ब्लूबेरी, म्हणजे मुस्तिक्का, जुलैअखेर ते ऑगस्ट. झुडूप घोट्याएवढं, फळ आतूनही जांभळं. बोटं आणि जीभ जांभळं खाल्ल्यासारखी होते. सप्टेंबरात लाल, आंबट पुओलुक्का. आईस्क्रीमचा रिकामा डबा न्या, सगळे तोच नेतात. अळंबी मात्र ओळखणाऱ्या माणसाशिवाय तोडू नका, काही जाती जीवघेण्या आहेत. पँट मोज्यांत खोचा आणि संध्याकाळी अंगावर गोचीड बघा, त्यांच्यापासून आजार होतात.

शेवटचे तीन दिवस: म्योक्की

पाच लाखांहून जास्त उन्हाळी घरं आणि १,८८,००० तळी असलेल्या या देशात म्योक्की, म्हणजे तळ्याकाठचं लाकडी घर, भाड्याने सहज मिळतं. हंगामात बरेच मालक शनिवार ते शनिवारच देतात, म्हणून तीन दिवसांसाठी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर बरा. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: नळाचं पाणी आहे का, संडास घरात आहे की बाहेर, आणि चादरी भाड्यात आहेत का. बाहेरच्या संडासाला हूस्सी म्हणतात. पाणी टाकायचं नाही, शेजारच्या बादलीतला भुसा टाकायचा. सहसा वल्ह्यांची होडी मिळते, जीवरक्षक जाकिटं असतात ती घाला.

इथे कार्यक्रम काही नसतो. पाणी आणायचं, लाकडं फोडायची, साउना तापवायची, तळ्यात उडी मारायची, धक्क्यावर बसायचं. साउना तापायला तासाहून जास्त लागतो. पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडी आहे हे स्वतः बघा, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत ती बंद करू नका; बंद खोलीत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. राख धातूच्या बादलीतच काढायची.

निघायच्या सकाळी साफसफाई तुमची. बुडाखालचे पंचे वाळत घाला, साउनाच्या फळ्या पाण्याने धुवा, होडी ओढून वर घ्या आणि उलटी ठेवा. सरपणाची पेटी रिकामी केली असेल तर मागच्या खोपटातून लाकडं आणून ती भरा, वर थोड्या बर्चच्या साली ठेवा. ओल्या हातांनीही त्या लगेच पेटतात.